रात्रीचा बर्फ, दुपारचा बर्फ

कांग यात्से शिखरावर बर्फ कसा आहे, या प्रश्नाला लेहमध्ये मला तीन उत्तरं मिळाली. चांगस्पा रोडवरच्या ज्या दुकानातून आम्ही बूट आणि क्रॅम्पॉन भाड्याने घेतले, तिथला पोरगा म्हणाला, "बहुत है, घुटने तक जाता है." आदल्या दिवशीच परतलेली, नाकाची सालपटं निघालेली डोंबिवलीची दोन मुलं म्हणाली, "बर्फ कुठला ताई, नुसती काच आहे. क्रॅम्पॉनचे दात टेकतात, रुतत नाहीत." आमचा गाईड मूळचा झंस्कारचा. लेहमधले निम्मे लोक त्याला 'अचो-ले' म्हणजे दादा म्हणून हाक मारत, म्हणून आम्हीही मारू लागलो. त्याने दोन्ही उत्तरं ऐकून घेतली आणि विचारलं, "ये लोग वहाँ कितने बजे थे?"

सह्याद्रीत पाय घडलेल्या माणसाला हा प्रश्न जरा विचित्रच वाटतो. आपल्याकडे वाटेची चौकशी करायची ती ऋतूच्या हिशोबाने. पावसाने वाट मोडलीय का, कारवी किती माजलीय, टाक्यात पाणी आहे का, कातळटप्प्यावर शेवाळ धरलंय का. कुलंगच्या पायऱ्या सकाळी सहाला असतात तशाच दुपारी दोनलाही असतात. तापलेल्या असतात, एवढंच. लडाखमध्ये मात्र वाट घड्याळाप्रमाणे बदलते. शिखरावरच्या बर्फाचंच नव्हे, खालच्या नदीचं आणि ओढ्यांचंही तेच. हे कळायला मला कांग यात्सेच्या पायथ्याकडे नेणारं मारखाचं अख्खं खोरं चालावं लागलं.

कांग यात्सेची दोन शिखरं आहेत. थोरलं ६,४०० मीटर. तिथे जायचं तर दोराचं पक्कं काम यायला हवं आणि अरुंद धारेवर डोकं शांत ठेवता यायला हवं. धाकटं, म्हणजे कांग यात्से दोन, सुमारे ६,२५० मीटर. नकाशे आणि पुस्तकं यांचं या आकड्यावर एकमत नाही, पण सहा हजारांच्या वर आहे याबद्दल वाद नाही, आणि लोकांना हवं असतं तेच. आधी ही हौस स्टोक कांगरीवर भागायची. ६,१५३ मीटरचं ते शिखर लेहच्या बाजारातूनही दिसतं. तिथली गर्दी इतकी वाढली की खालच्या स्टोक गावाला पाण्याची काळजी लागली, कारण गावाची शेती आणि पिण्याचं पाणी त्याच डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर. २०२० मध्ये ते शिखर बंद झालं. बंद केलं हे योग्यच झालं. पण गर्दी विरून गेली नाही, ती डोंगररांग ओलांडून मारखाच्या खोऱ्यात उतरली. आम्हीही त्याच गर्दीतले.

लेह ३,५०० मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६, म्हणजे विमानातून उतरल्या क्षणीच आपण महाराष्ट्राच्या छताच्या दुप्पट उंचीवर उभे. पहिले दिवस काही करायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं आणि थोडेच लोक पाळतात. आमच्यातला एकजण दुसऱ्याच संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढून आला आणि रात्रभर डोकं धरून बसला. तीन हजार मीटरच्या वर, झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, असा साधा नियम आहे. मारखा खोऱ्याचं मोठेपण हे, की ते हा नियम बराचसा आपोआप पाळायला लावतं. झंस्कार नदीकाठचं चिलिंग सुमारे ३,२०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली. तिथून स्क्यू, मारखा, हांकर, निमालिंग असं खोरं हळूहळू उचलत नेतं.

चिलिंग हे तांब्या-पितळेचं काम करणाऱ्यांचं गाव. शे इथली बुद्धमूर्ती घडवायला नेपाळहून कारागीर आणले, त्यांचे वंशज इथे राहिले, असं सांगतात. पूर्वी इथे झंस्कार ओलांडायला तारेवरचा पाळणा होता, हाताने ओढायचा. आता पूल आहे आणि रस्ता खोऱ्यात वरवर सरकतो आहे. पायी चालणाऱ्याला राग येतो खरा, पण हिवाळ्यात बाळंतीण अडली तर काय करायचं, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. तिथल्या लोकांना पडतो. मी रागावायचं सोडून दिलं.

स्क्यूच्या पुढे नदीची सोबत सुरू झाली. दोन्हीकडे तांबडे, जांभळे, राखी कडे, गवताची काडी नसलेले. आणि तळाला सीबकथॉर्नची काटेरी झुडपं, विलोच्या ओळी, मधूनच जवाची हिरवी तुकडी. जुन्या लष्करी पॅराशूटचं कापड एका खांबावर ताणून त्याखाली चहाची दुकानं मांडलेली असतात. त्यांच्या पांढऱ्या उजेडात बसून घेतलेला चहा हा मारखाचा खरा ऐवज आहे. गुरगुर चा, म्हणजे लोणी-मिठाचा चहा, पहिल्या घोटाला नको वाटतो. चहा समजून न पिता सूप समजून प्यायला की जमतं.

पूल आता बऱ्याच ठिकाणी झालेत, तरी एक-दोन जागी पाण्यात उतरावंच लागतं. घड्याळाचा पहिला धडा तिथे मिळाला. सकाळी आठला आम्ही ओलांडलेलं पाणी नडगीभर होतं, स्वच्छ, तळाचे गोटे दिसत होते. त्याच जागी दुपारी चारला एक गट अडकला होता, हे मागून आलेल्या घोडेवाल्याने सांगितलं. पाणी मांडीला लागत होतं आणि गढूळ झालं होतं. मधल्या वेळात थेंबभर पाऊस नव्हता. वरची हिमनदी दिवसभर वितळते आणि ते पाणी मैलोगणती चालत खाली यायला दुपार होते. रात्री वर सगळं गोठतं, म्हणून पहाटे नदी बारीक. अचो-ले आम्हाला रोज साडेपाचला उठवायचा आणि आम्ही त्याच्या नावाने कुरकुरायचो. त्या दिवसानंतर कुरकुर थांबली.

मारखा गावात एका घरात मुक्काम केला. घरातल्या अमा-लेने, म्हणजे आईने, स्क्यू नावाचाच पदार्थ रांधला होता. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे, बटाटा आणि पालेभाजी घातलेला रस्सा. आपल्या चकोल्यांचं थंड हवेतलं भावंडच ते. चुलीभोवती तांब्याची भांडी चकचकीत मांडलेली. हे खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि हिमबिबट्या हा इथे पोस्टरवरचा प्राणी नसून शेजारी आहे. अमा-लेच्या दिराची मेंढरं त्याने एका हिवाळ्यात गोठ्यात शिरून मारली होती. हे सांगताना तिच्या आवाजात राग फारसा नव्हता, हिशोब होता.

हांकरला कड्याच्या टोकावर किल्ल्याचे अवशेष आहेत. पडक्या भिंती, खाली सरळ तुटलेला कडा. चार हजार मीटरवर दम लागलेला असतानाही आम्ही चौघं तिकडे वळलो. अचो-लेला कळेना, की बर्फाच्या डोंगराला आलेल्या माणसांना या मातीच्या ढिगात काय दिसतंय. मराठी माणसाला पडका बुरूज दिसला की पाय वळतात, हे त्याला समजावणं अवघड होतं. शेवटी त्याने हात वर केले आणि सावलीत जाऊन बसला.

त्यानंतर गावं संपली. वळणावर वळण घेत वाट चढते आणि अचानक डावी-उजवीकडचे कडे बाजूला सरतात. समोर कांग यात्से. निमालिंगच्या पठाराखाली एक लहानसं तळं आहे, तिथे सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. निमालिंग सुमारे ४,७५० मीटरवरचं कुरण. उन्हाळ्यात खोऱ्यातल्या गावांची याक, मेंढ्या, शेळ्या इथे असतात. मार्मट बिळाबाहेर बसून शिट्टी घालतात. आणि आता तंबूही बरेच असतात. कितीही सुंदर जागा असली तरी, तिथे शंभर माणसं राहिली की शौचाला कुठे जायचं, हा प्रश्न उरतो, आणि इथला ओढा खाली हांकरला, मारखाला जातो. स्टोकला जे झालं ते इथे व्हायला फार उशीर नाही, असं मला वाटलं. खड्डा खणून तंबू उभा करणारे गट होते, तसे दगडामागे जाणारेही होते.

बेस कॅम्प त्याच्याही वर, पाच हजार मीटर ओलांडून. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. रात्री झोपेत श्वासाचा ताल बिघडतो. तीन-चार खोल श्वास, मग काही सेकंद काहीच नाही, मग एकदम धाप लागून जाग. पहिल्यांदा हे होतं तेव्हा माणूस घाबरतो. शेजारच्या तंबूतूनही तसाच आवाज आला की जरा बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी अचो-लेने आम्हाला जवळच्या बर्फाच्या पट्ट्यावर सरावाला नेलं. क्रॅम्पॉन बांधणं आम्ही लेहच्या दुकानातच तपासलं होतं. ज्या बुटावर बांधायचे तो बूट पायात घालूनच क्रॅम्पॉनची लांबी जुळवून घ्यावी आणि हातमोजे घालून पट्टे आवळता येतात का ते बघावं, कारण खरं काम अंधारात, गोठलेल्या बोटांनी करायचं असतं. पाय फाकवून टाकायचे, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये अडकतात. उतारावर सगळे दात सपाट टेकवायचे. घसरलंच तर पोटावर वळायचं आणि आइस ऍक्सचं टोक छातीखाली दाबून रोवायचं. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर आपण बूड टेकून, हात मागे लावून उतरतो. ती सवय इथे मोडावी लागते, कारण कडक बर्फावर बसलेला माणूस थांबत नाही.

हा सराव आम्ही सकाळी सातला सुरू केला आणि साडेअकराला संपवला. तेवढ्यात एकाच पट्ट्यावर मी तीन बर्फ पाहिले. सातला पृष्ठभाग खणखणीत होता. ऍक्सच्या दांड्याने ठोकलं तर टणत्कार यायचा आणि क्रॅम्पॉन त्यात करकरत बसायचे. चालायला यासारखं सुख नाही. नऊच्या सुमाराला वर बोटभर ओलसर थर सुटला. पाय थोडा दबायचा, पण धरून राहायचा. अकराला वरची खपली पाय ठेवताच फुटू लागली आणि खालचा सुटा, दाणेदार बर्फ म्हणजे साखरेच्या पोत्यात पाय घातल्यासारखं. गुडघ्यापर्यंत जायचं, ओढून काढायचं, परत जायचं. दहा पावलांत छाती फुटायला आली. दुकानातला पोरगा खोटं बोलला नव्हता.

डोंबिवलीची मुलंही खोटं बोलली नव्हती. त्यांना लागलेली काच मला दुर्बिणीतून दाखवली अचो-लेने. उताराच्या खालच्या भागात हिरवट-निळसर चकाकणारे पट्टे होते. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी पडलेलं हिम उन्हाळाभर वितळत जातं आणि ऑगस्ट सरता सरता खालचा जुना, घट्ट बर्फ उघडा पडतो. त्यावर पहाटे तीनला क्रॅम्पॉनचे पुढचे दात खरोखरच नुसते टेकतात. त्या पट्ट्यांच्या वरच्या अंगाला गुडघ्याएवढे बर्फाचे सुळे उभे होते, एकाच दिशेला कललेले, शेकड्यांनी. कोरड्या हवेत आणि कडक उन्हात बर्फ पाणी न होताच उडून जातो; जिथे जरासा खळगा असतो तिथे ऊन एकवटतं, खळगा खोल होतो आणि कडा सुळ्यासारख्या उरतात. चार्ल्स डार्विनने १८३५ मध्ये अँडीज ओलांडताना असेच सुळे पाहिले आणि लिहून ठेवले. लेहला वर्षभरात सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे इगतपुरीला एका दिवसात पडावा तेवढा. इतकी कोरडी हवा आहे, म्हणून हे सुळे इथेही होतात. दिसायला छान, चालायला शिक्षा.

त्या रात्री निघायचं होतं. संध्याकाळी मी डोंगराकडे बघत होते, अचो-ले आकाशाकडे. पश्चिमेकडून ढगांची पातळ चादर सरकत आली आणि साडेआठपर्यंत तारे गेले. वारा नव्हता, थंडीही आदल्या रात्रीइतकी नव्हती. मला वाटलं, चला, हवा बरी आहे. अचो-लेने स्वयंपाक्याला सांगितलं की रात्री चहा नको, सकाळी नेहमीसारखा नाश्ता कर. म्हणजे जायचं नाही.

आम्ही नाराज झालो, एकाने हुज्जतही घातली. पाऊस नाही, वारा नाही, मग अडलं कुठे? अचो-लेचं उत्तर असं: आकाश उघडं असेल तर बर्फ आपली ऊब थेट आकाशात सोडून देतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. दिवसभर भिजलेला थर मग तळापर्यंत आवळून येतो. ढग असले की ती ऊब परत खाली फिरते, वरवर पापुद्रा धरतो, आत सगळं ओलंच. असा बर्फ रात्री दोनलाही दुपारच्यासारखा फुटतो. त्याने हे शाळेत शिकलेल्या शब्दांत सांगितलं नाही. "आसमान खुला तो बर्फ पक्का, आसमान बंद तो बर्फ कच्चा," एवढंच म्हणाला. बाकीचं पदार्थविज्ञान आमच्यातल्या प्राध्यापकाने तंबूत पडल्या पडल्या पुरवलं. मध्यरात्रीनंतर तंबूवर बारीक गारांचा चुरचुर आवाज सुरू झाला आणि हुज्जत घालणारा काही बोलला नाही.

शेजारचा एक गट त्या रात्री निघाला होता. सकाळी नऊला ते परतले, शिखराच्या बरेच अलीकडून. कुणाला काही झालं नव्हतं, फक्त मांड्यांचा भुगा झाला होता.

नव्या बर्फाचा प्रश्न वेगळा. जुन्या कडक थरावर पडलेलं ताजं हिम त्याला लगेच चिकटत नाही, आणि हिमलोट सुटण्याचा धोका साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सगळ्यात जास्त. कांग यात्से दोनचा वरचा उतार नेमका त्याच पट्ट्यात बसतो. म्हणून हिम पडल्यावर एक पूर्ण दिवस तरी त्याला बसू द्यायचं. गारांचा थर जेमतेम पेरभर होता. दुपारपर्यंत उन्हाने तो खाल्ला. संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं झालं. तारे इतके उतरले की अचो-लेने वर बघितलंही नाही. रात्री चहा आला.

बाराच्या सुमाराला निघालो. पहिले काही तास बर्फ नाहीच. मोरेनचे धोंडे, मग खडा घसारा. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. हा भाग आमच्या ओळखीचा होता. आपल्याकडचे ट्रेकर घसाऱ्यावर चांगले चालतात, कारण पायाला मुरुमाची भीती वाटत नाही. फक्त इथे पन्नास पावलांनी थांबावं लागत होतं, मग तीस, मग वीस. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवल्या होत्या, म्हणजे गोठलं तर बुडाशी गोठेल आणि तोंड मोकळं राहील. नळीवाल्या पिशवीची नळी पहिल्या तासातच गोठली. पोटावर, कपड्यांच्या आत ठेवलेला मोबाइल तेवढा जिवंत होता.

साधारण ५,६५० मीटरवर क्रॅम्पॉन बांधले. पूर्वी ही जागा बरीच खाली होती, असं अचो-ले म्हणतो. दोर लावला. सुरुवातीला तो काचेचा पट्टा. तिथे अचो-लेने सरळ वर न जाता डावीकडे लांबवर ट्रॅव्हर्स घेतला, जिथे आदल्या दिवसाच्या गारा अजून थोड्या चिकटलेल्या होत्या आणि दातांना काहीतरी धरायला होतं. अंतर दुप्पट झालं, वेळ वाचला. एका जागी बर्फात हातभर रुंदीची भेग होती. दिव्याच्या उजेडात निळी, मग काळी. त्याने ऍक्सने दोन्ही काठ ठोकून बघितले, आपण ती ओलांडली आणि दोर ताणून आम्हाला एकेक करून बोलावलं.

सुळ्यांच्या वर गेल्यावर सकाळी सातच्या सरावातला तो खणखणीत बर्फ मिळाला. उतार वाढत होता, पण पाय बसत होता. करकर, श्वास, करकर, श्वास. मनात एकही मोठा विचार येत नव्हता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. मला फक्त एवढं कळत होतं की पुढच्या माणसाचा पाय जिथे पडला, तिथे माझा पडला की कमी कष्ट होतात. पूर्वेला उजाडायला लागलं तेव्हा उलट बरं वाटेनासं झालं, कारण किती उरलंय ते दिसलं.

आमचा उतार वायव्येकडचा, त्यामुळे ऊन त्यावर उशिरा येतं. आम्ही सावलीत होतो आणि समोरची डोंगररांग उन्हात न्हाली होती. शेवटची धार रुंद आहे, पण तिच्या एका अंगाला वाऱ्याने बाहेर काढलेली बर्फाची कड आहे. त्या काठावर जायचं नाही. आठच्या आधी शिखरावर पोचलो. तिथे पताका होत्या, फडफडून दोऱ्याच झालेल्या. थोरलं कांग यात्से जवळ उभं. मधली धार पात्यासारखी, तिच्याकडे बघूनच आमची हौस फिटली. पश्चिमेला दूर नुन-कुन, उत्तरेला काराकोरमची पांढरी रेघ. त्यातलं के-टू कुठलं यावर वाद झाला. प्राध्यापकाने एक दाखवलं, अचो-लेने दुसरं. मी कुठलंच मानलं नाही.

नऊला, कुठेही असलो तरी परत फिरायचं, असं खालीच ठरलं होतं. त्याच्या बरंच आधी उतरायला लागलो. शिखरावरच्या गप्पा लोक लिहितात. खरं लिहायला हवं ते उतरण्याबद्दल. पाऊण तासात ऊन उतारावर आलं. वरचा थर सुटू लागला आणि ओला बर्फ क्रॅम्पॉनच्या दातांमध्ये गोळा होऊन टाचेखाली गोळे बसू लागले. दात झाकले गेले की क्रॅम्पॉन म्हणजे घसरगुंडी. दर दोन-तीन पावलांनी ऍक्सचा दांडा बुटावर आपटून गोळा पाडायचा. थकलेला माणूस नेमकं हेच विसरतो. अचो-ले सगळ्यात मागे होता, दोर हातात घेऊन, आणि प्रत्येकाला नावानिशी आठवण देत होता.

सुळ्यांपाशी खालून वर येणारा एक गट भेटला. साडेनऊ झाले होते. त्यांचा गाईड पोरगेलासा होता. त्याने लडाखीत काही विचारलं, अचो-लेने दोन शब्दांत उत्तर दिलं. पोराने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, वर बघितलं, आणि आपल्या लोकांकडे वळून फिरायची खूण केली. त्यांच्यातली एक बाई रडायला लागली. बंगळूरहून आली होती, सहा महिने पळायचा सराव केला होता म्हणाली. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही. मी तिला खजूर दिले. त्या पोरगेल्या गाईडबद्दल मात्र आदर वाटला, कारण पैसे भरलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं या धंद्यात सोपं नसतं.

काचेच्या पट्ट्यावर दुपारच्या आधी एक गंमत झाली होती. वरून पाणी झिरपून पृष्ठभाग खडबडीत झाला होता आणि पहाटे ज्याने दात टेकू दिले नव्हते, तोच आता दात धरत होता. म्हणजे वरचा बर्फ सकाळी चांगला आणि दुपारी वाईट, तर खालचा पहाटे वाईट आणि दुपारी बरा. मात्र ऊन लागलं की वरचे दगडही सुटतात. दोन-तीन लहान दगड शिट्टी वाजवत बाजूने गेले, तेव्हा आम्ही गंमत सोडून पाय उचलले.

परतल्यावर नाशिकमधले मित्र विचारतात, कुठल्या महिन्यात जावं. जूनमध्ये बर्फ खालपर्यंत आणि खोल असतो. वाट उघडायलाच दम जातो. जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा मध्य हा सगळ्यात वापरातला काळ. बर्फ पुरेसा असतो, रात्री गोठतो, भेगा अजून झाकलेल्या असतात. झाकलेल्या भेगा हा फायदा की तोटा, हे ज्याचं त्याने ठरवावं. ऑगस्टच्या अखेरीपासून काच वाढते, भेगा उघड्या पडतात, सप्टेंबरात थंडी चावते, पण आकाश जास्त भरवशाचं. क्रॅम्पॉनवर चांगलं चालता येत असेल तर मी सप्टेंबरचा पहिला आठवडा निवडेन. पहिल्यांदाच बर्फावर जाणाऱ्याने जुलै धरावा आणि हातात एक दिवस जास्तीचा ठेवावा. तो जास्तीचा दिवस कुठल्याही महागड्या जॅकेटपेक्षा उपयोगी आहे. तो नसता तर आम्हीही त्या ढगाळ रात्री निघालो असतो, कारण मग आम्ही अचो-लेचं ऐकलं नसतं.

परतीची वाट कोंगमारू ला ओलांडून, सुमारे ५,२०० मीटरची खिंड. निमालिंगहून तिथवरचा चढ सौम्य. सहा हजार करून आल्यावर तर फिरायला गेल्यासारखा. पलीकडची उतरण मात्र तीव्र, आणि तळाला ती एका अरुंद घळीत शिरते. लाल-हिरव्या कड्यांमधून ओढा वाहतो आणि वाट त्यातूनच कधी या काठाने, कधी त्या काठाने जाते. जोराचा पाऊस आला तर या घळीतून पळायला जागा नाही. लडाखच्या ओसाड उतारांवर पाणी अडवायला झाड नाही की माती धरायला मूळ नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये ढगफुटीत लेहवर काय कोसळलं होतं, ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. अचो-लेने इथेही पहाटेच हाकललं. घळीत दोन ठिकाणी वाट वाहून गेली होती, नव्या गोट्यांचे ढीग होते आणि घोडेवाल्यांनी दगड रचून नवी वाट काढली होती, आदल्याच आठवड्यात. आमच्याकडच्या नकाशात ती नव्हती.

चोगदोला अकरापर्यंत पोचलो. पॅराशूटच्या तंबूत मॅगी खाल्ली, बुटांच्या नाड्या सैल केल्या. जीप इथवर येणार होती. आली नाही. तासाभराने एक पोरगा मोटारसायकलवरून निरोप घेऊन आला, की खाली रात्री ओढ्याने रस्ता कापलाय, गाडी पलीकडे उभी आहे, सामान घेऊन चालत या. अचो-लेने ओढ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि मॅगीची दुसरी प्लेट रद्द केली.